उसना जबडा

माझा निर्णय कधी चुकत नाही! बायको घरात नसली की हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. तसाच एक निर्णय मी यंदा घेतला: चाळिसाव्या वाढदिवसाआधी जबडा करून घ्यायचा.

नाव माझं वीरधवल. पण हनुवटी? लढाई सुरू व्हायच्या आधीच गळ्यात जाऊन लपलेली! एरवी चाललं असतं. पण आमच्या विजयमालाबाई सरपंच झाल्या आणि चौकात आम्हा दोघांचा फ्लेक्स लागला. शेजारच्या सुगराबी चाचींनी तो बघितला नि मला म्हणाल्या, "ताईंच्या शेजारी तुज्या वडलांचा फोटू लावलास व्हय? लय ब्येस केलंस!"

वडील! बायकोपेक्षा मी दोनच वर्षांनी मोठा. मला लय लागलं ते.

मग मलकापूरच्या फ्लेक्सवाल्या मुजीबनं नवा फ्लेक्स केला. कॉम्प्युटरवर त्यानं मला दाढीसकट असा जबडा बसवला, की मीच मला नमस्कार केला! फ्लेक्स लागल्यावर मी मुद्दाम खाली जाऊन उभा राहिलो. चाची आल्याच.

"वीरधवल, जरा बाजूला हो रं. ताईंच्या नवऱ्याचा फोटू दिसंना!"

त्याच दिवशी अभ्यासाला बसलो. फिलरची सुई, दोऱ्यानं गाल ओढणं, चरबी खेचणं, हनुवटीत तुकडा बसवणं, सगळं तोंडपाठ! साताऱ्यात एक डॉक्टर बघितले, तर त्यांनाच हनुवटी नव्हती. ज्यांना स्वतःची सापडेना, ते माझी काय शोधणार? शेवटी सांगलीच्या एक सर्जनबाई पसंत केल्या. नमुना म्हणून फ्लेक्सच उतरवला. बायकोची बाजू आत दुमडली. सरपंचांना उगाच दवाखान्यात कशाला न्या! गुंडाळी खांद्यावर टाकून निघालो, तर दारात बायको.

"कुठं निघालासा?"

"सांगलीला. उसाचं बेणं बघाय."

"आनी फ्लेक्स?"

"बेण्यावर झाकाय!"

दवाखान्यात बसलो, तर समोर आमच्या गावचा जोतिबा. मांडीवर फ्लेक्सची गुंडाळी!

"बेणं?" मी विचारलं.

"व्हय. बेणं," तो म्हणाला.

तेवढ्यात आमच्याच गावचा धुळा आत आला. त्याच्याही काखेत गुंडाळी. बाईंनी तिघांनाही एकदमच आत बोलावलं, फ्लेक्स फरशीवर पसरायला लावले आणि कपाळाला हात लावला.

"तुमच्या गावात सगळ्यांना एकच जबडा वाटून दिलाय का हो?"

बघतो तर खरंच! तोंडं तीन, जबडा एक!

"माजा हाय त्यो!" मी ओरडलो.

"मी मार्चातच लावलाय, गड्या!" जोतिबा उसळला. धुळा तर बाह्याच सारायला लागला.

"भांडू नका! ज्याचा मूळ जबडा आहे तो माणूस दाखवा, मग बोलू," असं म्हणत बाई माझ्या फ्लेक्सच्या कडेशी वाकल्या. "हे आत काय दुमडलंय?"

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी घडी उलगडली. डोक्यावर पदर, नाकात नथ आणि त्याखाली... तोच जबडा!

मी मुजीबला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, हे लक्षातच नव्हतं.

"दादा, रागवू नगा," मुजीब म्हणाला. "आदी हिरोंचं जबडं बसवून बगितलं, आपल्या मानंवर ऱ्हाईनात. मग समद्यांस्नी वैनींचाच बसवला, वरनं नुसती दाढी लावली. असा जबडा आख्ख्या तालुक्यात दुसरा न्हाई!"

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. "सरपंचबाईंना घेऊन या. मोजमाप घेते."

विजयमालाला? इथं? आम्ही तिघांनी गुंडाळ्या उचलल्या आणि थेट एसटी स्टँड गाठला! धुळा वाटेत एवढंच बोलला, "ताईंना सांगू नगा."

दारात बायको उभीच.

"घावलं का बेणं?"

"घरातच निघालं," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

ती पदर तोंडात कोंबून डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. "तरीच! गावातली पोरं मला अशी माह्यारची का वाटाय लागली!" मग जरा थांबून म्हणाली, "आवं, तुमचं हाय तेच तोंड लावा. लगीन मी त्या तोंडासंगं केलंय."

खरं सांगतो, गळा दाटून आला. हनुवटीसकट!

आता चौकात माझं खरं तोंड आहे. चाची विचारतात, "वडील परत लावलं व्हय?" विचारू देत. अडचण निराळीच आहे. चौकात अजून अकरा फ्लेक्स आहेत, आणि अकराही दाढीवाल्यांच्या तोंडातून बायको माझ्यावर दात आवळून बघत असते. पूर्वी दळण टाकून मी चौकातल्या पारावर तासभर गप्पा हाणायचो. आता पीठ घेऊन सरळ घरी येतो!