टेम्पो अजून आला नाही

"या वेळी लोक टीव्ही फोडणार," मास्तर म्हणाला. म्हणताना त्याचा चेहरा असा उजळला होता, की बघणाऱ्याला वाटावं, याला टीव्हीच्या दुकानाची एजन्सी मिळाली!

मास्तर म्हणजे 'सगळे घरी आहेत' या कार्टून मालिकेचा लेखक. पूर्वी कधीतरी तो शाळेत शिकवायचा. शाळा सुटली, नाव चिकटलं. एकोणीस वर्षं तो ही मालिका लिहीत होता. मालिका विनोदी खरी, पण विनोद असा, की माणूस हसता हसता आधी शेजारच्याकडे बघून घ्यायचा, तोही हसतोय ना म्हणून. पहिल्या वर्षी डॉक्टरांवरचा भाग लागला तेव्हा तक्रारपत्रांची पोती आली होती. ती पोती अजून स्टुडिओच्या जिन्याखाली आहेत. लोक घरी ढाली-पदकं दाखवतात, तशी मास्तर पाहुण्यांना ती पोती दाखवायचा.

आणि गेल्या वर्षभरात एकही तक्रार नाही. एकही! न्यायाधीश झोपेत घोरत निकाल देतो असा भाग केला, तर लोक म्हणाले, घोरण्याचा आवाज छान जमलाय. शवपेट्या बनवणारा सुतार आजाऱ्यांच्या घरी आधीच माप घ्यायला जातो असा भाग केला, तर एका बाईंनी सुताराच्या सदऱ्याचं कापड कुठे मिळेल ते विचारलं.

शेवटी चॅनेलच्या साहेबांनी सोमवारी त्याला समोर बसवून सांगितलं, "मास्तर, तुमची मालिका चावते म्हणून आम्ही पाळली. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय चाटते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला एक तक्रार आणून दाखवा. नाहीतर बंद."

"एकच?" मास्तरला हसू आलं.

"एकच. खऱ्या प्रेक्षकाची, नाव-पत्त्यासकट. आणि नातेवाईक चालणार नाहीत."

शेवटचं वाक्य साहेबांनी उगाच जोडलं नव्हतं. मागे एकदा आलेलं फार संतापलेलं पत्र मास्तरच्या मेव्हण्याचं निघालं होतं.

पण मास्तर निवांत होता, कारण मंगळवारी लागणारा भाग त्याने सहा महिन्यांपूर्वीच लिहून ठेवला होता. त्यात 'अडगळ सेवा' नावाची कंपनी असते. घरात म्हाताऱ्या माणसाची अडचण होत असेल तर फोन करायचा. टेम्पो येतो, गणवेशातली दोन माणसं आजोबांना खुर्चीसकट उचलतात आणि बदल्यात फुलझाडाची एक कुंडी देतात. आठवड्याभरात कुंडीला पाणी कुणी घालायचं यावरून घरात भांडण होतं आणि कुटुंब पुन्हा टेम्पोला फोन करतं. हे बघून ज्याला चीड येणार नाही तो माणूसच नव्हे, असं मास्तरचं मत होतं.

तक्रारी येणार म्हटल्यावर फोन नको का? स्टुडिओत तक्रार कक्षाचा एक फोन होता. तक्रारी आटल्या तसा तोही तोडून टाकला होता. मास्तरने सोमवारी दुपारी धावपळ करून तो जुन्याच नंबरावर पुन्हा जोडून घेतला. शेजारी नवी कोरी नोंदवही ठेवली, दोन पेनं ठेवली आणि बुधवारी सकाळी तो खुर्चीत असा बसला, की परीक्षेला बसलेल्या मुलानेही बसू नये.

फोन नवाला वाजला.

"तक्रार कक्ष!"

"नमस्कार. तुमची माणसं तिसऱ्या मजल्यावर येतात का? लिफ्ट बंद आहे," एक बाई म्हणाल्या.

"कसली माणसं?"

"अडगळीवाली. सासरे आहेत. वजनाला काहीच नाहीत, पण पुस्तकं सोबत नेणार म्हणतात."

मास्तरने रिसीव्हरकडे बघितलं, मग पुन्हा कानाला लावला. "बाई, ते कार्टून होतं. तुम्हाला बघून राग नाही आला?"

"आला ना. एवढी चांगली सोय असून आधी का सांगितली नाहीत?"

मास्तरने घाईघाईने पेन उचललं. "मग ही तुमची तक्रार समजू?"

"छे हो, तक्रार कसली? कौतुकच आहे तुमचं."

त्यानंतर फोनला उसंत नव्हती. एकाला विचारायचं होतं, की आई आणि बाबा मिळून एक कुंडी की दोन. एकीला सुट्टीपुरतीच सोय हवी होती, परत आल्यावर ती माणूस घेऊन जाणार होती. एका गृहस्थांना कुंडी नको होती, त्याऐवजी पंखा मिळेल का म्हणाले. मास्तरचं डोकं गरगरायला लागलं. यांना हा नंबर दिला कुणी?

तो तसाच उठून चित्रकारताईंकडे गेला. मालिकेतली घरं, रस्ते, गाड्या सगळं त्याच रंगवायच्या.

"ताई, टेम्पोवर फोन नंबर रंगवलाय तो कुणाचा?"

"नेहमीचाच," ताई मान वर न करता म्हणाल्या. "आपला तो तोडलेला फोन. खरा नंबर टाकला की कुणाला तरी त्रास होतो. म्हणून तो तोडल्यापासून मी दुकानांवर, गाड्यांवर, पाट्यांवर तोच टाकते. या वेळी तर पिवळ्याधमक रंगात टाकलाय."

"तो मी सोमवारी चालू करून घेतला."

ताईंनी ब्रश पाण्यात ठेवला. मग म्हणाल्या, "भाग पुन्हा दोनदा दाखवणार आहेत ना?"

दोनदा दाखवला. गुरुवारी फोन दुप्पट झाले. आणि फोनची जात बदलली. आता म्हातारी माणसं स्वतःच फोन करू लागली.

"गाडीत खिडकीजवळची जागा मिळेल का?"

"तिथे पत्ते खेळायला चौघं जमतात का हो?"

एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर म्हणाले, "माझं नाव मीच नोंदवतोय. घरच्यांची सही लागते का? ते कामात असतात, उगाच कशाला त्रास."

आधी मास्तर हसत होता. इंजिन ड्रायव्हरनंतर त्याला हसू येईना. पण त्याला तक्रार हवी होती, आणि या माणसांची कशाबद्दलच तक्रार नव्हती! मधूनच त्याचा मोबाइलही थरथरायचा. पडद्यावर 'घर' असं यायचं. घरी त्याची आई असायची, दोघंच राहायचे. ती उठायच्या आत तो बाहेर पडायचा. "आता नको," असं पुटपुटून त्याने मोबाइल पालथा ठेवला. बुधवारी चारदा ठेवला होता, गुरुवारी सहादा.

शुक्रवारी चार वाजता साहेब स्वतः आले आणि खुर्ची ओढून बसले. नोंदवहीची पानं कोरी होती. साहेबांनी ती उलटीकडूनही चाळून बघितली.

"मास्तर, एकोणीस वर्षं कमी नसतात," ते हळूच म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला.

"मला तक्रार करायचीय," पलीकडून खणखणीत आवाजात एक म्हातारी म्हणाली.

मास्तर उभाच राहिला. साहेबांनी कान टवकारले. "बोला ना! सावकाश बोला."

"सकाळी नवापासून बॅग भरून पायरीवर बसलेय. टेम्पो अजून आला नाही. टीव्हीवर दाखवता आणि येत नाही, ही शुद्ध फसवणूक आहे."

"फ-स-व-णू-क," मास्तर आनंदाने लिहीत होता, आवाजाकडे त्याचं लक्षच नव्हतं. "पत्ता सांगा."

"निळं फाटक. पाण्याच्या टाकीसमोर. दुसरा मजला. दारावर पाटी मुलाच्या नावाची आहे."

पेन थांबलं. मास्तरने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मुलगा असतो. म्हणजे, असतो असं म्हणतात."

फोन ठेवल्यावर साहेबांनी वही स्वतःकडे ओढली. "पत्ता तुमचाच आहे की! मास्तर, मेव्हणा संपला, आता आई?"

"साहेब, शपथेवर सांगतो, मी काही शिकवलेलं नाही."

"चला, बघूच," साहेब म्हणाले. बाहेर चॅनेलचा सामान नेणारा टेम्पो उभा होता. मास्तर वही काखेत मारून पुढे बसला, साहेब त्याला खेटून बसले.

निळ्या फाटकापाशी टेम्पो वळला. पायरीवर आई होतीच. पण तिच्या शेजारी, वरच्या पायरीवर, कट्ट्यावर, मिळेल तिथे इमारतीतली आणखी सात म्हातारी माणसं बसली होती. प्रत्येकाजवळ बॅग होती. टेम्पो दिसताच सगळी एकदम उठली. त्या उठण्यात एवढी हौस होती, की ड्रायव्हरने नकळत मागचं फळकं खाली केलं.

"थांबा," मास्तर दोन्ही हात पसरून म्हणाला. "असं काही नसतं. ती कंपनी खोटी आहे. गंमत म्हणून मी लिहिलं होतं."

मग एक आजोबा पुढे आले. "गंमत? मी डबा भरून आणलाय."

"मी सगळ्यांना भेटून निरोप घेतला," दुसऱ्या आजी म्हणाल्या. "आता परत कुठल्या तोंडाने जाऊ?"

"ही काय थट्टा करायची गोष्ट आहे? लिहून घ्या माझी तक्रार!"

"माझीही. नाव-पत्त्यासकट!"

वहीची चार पानं भरली. साहेबांनी प्रत्येकाला विचारून घेतलं. सातजणांपैकी एकाचंही मास्तरशी दूरदूरचं नातं नव्हतं. तक्रारी अस्सल होत्या, दोन तर कोर्टात जाण्याच्या होत्या. साहेबांनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली, "चावली बरं का! मालिका चालू," म्हणाले आणि रिक्षा बघायला गेले.

मास्तरला नाचावंसं वाटत होतं. वळून बघतो तर आई टेम्पोत पुढच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसलेली.

"उतर आता, आई. गंमत होती ती."

"कळलं होतं मला. तुझं अक्षर नाही ओळखत, पण तुझी थट्टा ओळखते."

"मग त्या नंबरावर कशाला केलास फोन? सरळ मला करायचास."

"तीन दिवस तुलाच करत होते," आई समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "तुझ्या नंबरावर तू उचलत नाहीस. तक्रारीचा पहिल्या घंटेला उचललास."

मास्तरने ड्रायव्हरला खूण केली, एकेकाला हात देऊन टेम्पोत चढवलं, आणि बॅगांच्या ढिगाऱ्यात उरलेल्या जागेत स्वतः अंग चोरून बसला. टेम्पो गावाला चक्कर मारायला निघाला. मागे सगळे एकदम बोलायला लागले.

डबेवाले आजोबा मास्तरकडे सरकले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, बॅगांमागे वाकून बघितलं.

"कुंडी दिली नाहीत ती नाहीच," ते म्हणाले. "वही काढा. हेही लिहून घ्या."