साळूबाईची नखं आणि सरकारी टॅब

एका जंगलात बीळ खणायलाही परवानगी लागायची. दात काढू नका पोरांनो, ऐका.

परवानगी मिळायची फक्त ऑनलाइन. त्यासाठी सिंहमहाराजांनी घरटी एक टॅब फुकट वाटला. पातळ, चकचकीत. कचेरीत मात्र जाडे, घरघरणारे लॅपटॉपच ठेवले. ते का, हे कोणी विचारलं नाही. फुकटच्या मालाला कोण विचारतंय?

साळूबाई साळिंदरीण पोटुशी होती. दिवस भरत आलेले. उघड्यावर पिल्लं झाली तर तरसं टपलेलीच होती.

तिनं टॅबवर अर्ज भरला. नाव, गाव, काटे किती, सगळं. मग मेसेजमध्ये कोड आला. तो बघून परत येते तर अर्ज कोरा. पुन्हा भरला. पुन्हा कोरा.

आता त्यात गोम अशी, की टॅबचं पोट चिमणीएवढं. दुसरं काही उघडलं की त्यातला ब्राउझर आधीचं पान टाकून देतो. लॅपटॉपचं पोट मोठं, तो सगळी पानं धरून बसतो. एवढीच गोष्ट. पण सरकारला एवढी गोष्ट पुरत नाही.

साळूबाई कचेरीत गेली. कारकून तरसच होता.

"भाऊसाहेब, तुमच्या लॅपटॉपवर भरून द्या की."

"तो साहेबांसाठी आहे, बाई. तक्रार द्या. समिती बसेल."

समिती बसली. तिनं तोच अर्ज लॅपटॉपवर भरून पाहिला. झटक्यात गेला. चाचणीपुरताच होता, म्हणून लगेच रद्दही केला. म्हणजे अर्ज बरोबर, टॅब बरोबर, साळूबाई चूक.

"तुमची नखं काचेला लागतात," तरस म्हणाला. "कापून या."

बिचारीनं मुळापासून कापली. अर्ज भरला. कोड बघून आली. कोरा.

तेव्हा तिचं डोकं फिरलं. "खड्ड्यात गेली तुमची परवानगी," म्हणाली आणि स्वतःच बीळ खणायला बसली. पण नखांशिवाय माती उकरतेय कशी? नुसतेच पंजे सोलले.

तरस पाहणीला आला. जमीन निरखून म्हणाला, "विनापरवाना खणल्याची तक्रार होती. पण खणलेलंच दिसत नाही. मग गुन्हा नाही."

साळूबाईनं सोललेले पंजे पोटाखाली ओढून घेतले.

"बरं बाई," तो जिभल्या चाटत म्हणाला, "पिल्लं कधी व्हायची आहेत? नोंदीसाठी विचारतोय."

तात्पर्य : यंत्र चालत नसेल तर यंत्राला नावं ठेवू नयेत. आपलं काय काय कापता येईल ते आधी बघावं. जीव गेला तरी चालेल, काचेवर ओरखडा येता कामा नये.