सासऱ्यांचा शेवटचा शब्द

मयताच्या घरी पाहुण्यांची व्यवस्था कशी ठेवावी, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! माझे सासरे कोलमन गेले, तेव्हा डब्लिनच्या आमच्या घरात मी खुर्च्या मांडल्या, चहाचं मोठं भांडं चढवलं आणि शवपेटीशेजारच्या टेबलावर सफरचंदाचे टार्ट ओळीने लावले. ते माझ्या बायकोने, ब्रीजने, रडत रडत भाजले होते. बाबांनी शेवटी तेवढंच मागितलं होतं ना!

"डोळे मिटता मिटता म्हणाले, टार्ट!" येईल त्याला ती सांगायची. माणसं हळहळायची आणि आणखी एक तुकडा उचलायची.

मग पश्चिम किनाऱ्यावरच्या गावाहून सोर्खा आत्या आली, कोलमनची धाकटी बहीण. भावाच्या कपाळावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. ब्रीजने बशी पुढे करून तिलाही सांगितलं.

"टार्ट?" आत्या म्हणाली. "अगं, त्याला जन्मात कधी गोड आवडलं नाही! तो 'तार्त' म्हणाला असेल. आमच्या आयरिशमध्ये तार्त म्हणजे तहान."

पाहुण्यांनी हातातले टार्टचे तुकडे हळूच बशीत परत ठेवले!

ब्रीजचा चेहरा पांढराफटक पडला. "शेवटी शेवटी ते लहानपणच्या भाषेतच बोलत होते... म्हणजे आत्या, बाबा तहानलेले गेले? आणि मी त्यांच्यापुढे टार्ट धरत होते?"

प्रार्थनेसाठी आलेले फादर टायर्नी मदतीला धावले. "फार जुना शब्द, मुली. मूळ अर्थ कोरडं पडणं. हिंदुस्थानातली तृषासुद्धा याच घराण्यातली—"

"फादर!" मी ओरडलो. ब्रीज धाय मोकलून रडत होती.

आत्याने तिला जवळ बसवलं. "टार्टबरोबर काय दिलं होतंस?"

"चहा. कोमट करून, चमच्याने."

"प्यायला?"

"सगळा. टार्टकडे बघितलंसुद्धा नाही. मग माझा हात धरून झोपले."

"मग? त्याला हवं ते मिळालं की गं, वेडे!"

ब्रीजने आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. हुंदके हळूहळू थांबले. आम्ही सगळ्यांनीच डोळे पुसले.

भाचीचं मन राखायला आत्याने टार्टचा भला मोठा घास घेतला. चावला. पुन्हा चावला. मग छातीवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"जावईबापू, पाणी!"

मी धावलो. एवढी चोख व्यवस्था, पण पाण्याचा एकही पेला मी मांडला नव्हता!