शेपटीचा लाल

सासूच्या रंगाच्या डब्यांवर सुनेने चिठ्ठ्या चिकटवू नयेत. त्यातून सासूला जेमतेम सही येत असेल, तर मुळीच नाही. पण वेनिंग शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि लासेम गावातलं सासरचं घरही तिला वर्गच वाटायचं.

तिच्या सासूची, मर्सिनेमबाईंची, चाळीस वर्षं कापडावर मेणाची नक्षी काढून ती रंगवण्यात गेली होती. नात लारास हिचं सिरामान, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशीचं मंगलस्नान, चार दिवसांवर आलं होतं. तेव्हा नेसायचं सुती कापड बाई स्वतः रंगवणार होत्या. वराकडच्यांनी तोंडात बोट घालावं, एवढीच इच्छा. झाडाच्या मुळांचा लाल रंग चढायला आठवडे लागतात, बाजारच्या पुडीचा घटकेत. बाईंनी 'रेशमासाठी' अशी चिठ्ठी असलेला तिसरा डबा उघडला.

"आई, तो रेशमाचा आहे. सुतावर टिकायचा नाही. त्याला सल्फोनिक आम्लाची शेपूट असते, ती पाण्याकडे धावते."

"पुडीला शेपूट! उद्या शिंगं दाखवशील."

"मुळांच्या रंगाला हात असतात. ते तुरटीतल्या धातूला धरतात, धातू कापडाला धरतो. याला तसे हातच नाहीत."

सून वळताच बाईंनी भांड्यात ओंजळभर तुरटी टाकली. हात नसतील तर फुटतील! कापड असं लालबुंद निघालं, की ते त्यांनी सुनेच्या नाकासमोरून दोनदा नेलं.

सिरामानला पाण्याची पहिली करवंटी बाईंनीच नातीवर ओतली. नातीच्या पायांशी लाल ओघळ आला.

"अगंबाई, रक्त!" वराची मावशी सुमिलाह किंचाळली.

"रक्त कसलं?" बाई म्हणाल्या. "आमच्या घरची रीत आहे. आजीने रंगवलेल्या कापडाचं पाणी शुभ असतं."

"हो का? मग आजी काय करते त्याचं?"

रीत आत्ताच जन्मली होती, पुढचं तिला तरी काय ठाऊक? बाईंनी त्या लाल पाण्याची ओंजळ भरून तोंडाला फासली. मावशी बघतच होती, म्हणून पुन्हा एकदा. वेनिंगने लेकीला आत नेऊन साबणाने घासलं. बाई मात्र मानाने तशाच वाळत बसल्या.

संध्याकाळी कापड पांढरंफटक होतं आणि बाई डाळिंबासारख्या. वेनिंग रिठ्याने त्यांचे गाल चोळत होती.

"निघत नाहीये, आई. हा रंग रेशमाला धरतो, लोकरीला धरतो आणि कातडीलाही. तिन्ही एकाच, प्रथिनांच्या घराण्यातली."

"आणि उद्याचे फोटो?"

वेनिंगने आरसा पुढे केला. बाईंनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुझं रसायन बरोबर होतं, सूनबाई," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी तेवढी अर्धवट. 'रेशमासाठी' लिहिलंस, पुढे 'आणि सासूसाठी' लिहायला विसरलीस."