कांबळेकाका आणि डाव्या बाजूची माणसं

एका रविवारी सकाळी कांबळेकाकांनी आमची बेल वाजवली आणि दार उघडताच विचारलं, "वैशाली, तुझा फ्रिज अर्धा तास बंद करशील?"

मला वाटलं, कुठे शॉर्टसर्किट झालं.

"तसं नाही गं. तो पांढरी दोनला घरघरतोय. माझे पाहुणे पेटी काळी एकला धरून बसलेत. जमत नाही ना!"

आमचा फ्रिज कुठल्या पट्टीत गातो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बंद केला. अर्ध्या तासाचे दोन तास झाले आणि आइस्क्रीमचं सरबत. त्या दिवशी नेमकी बुद्धपौर्णिमा होती, म्हणून भरपाईदाखल संध्याकाळी सुमनकाकू खिरीचं पातेलंच घेऊन आल्या.

नाहूरच्या आमच्या इमारतीत काकांची बेडरूम आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. काकांचं सगळं आयुष्य मरोळच्या एका कारखान्यात गेलं. तयार झालेला प्रत्येक सुटा भाग मोजून तो पास की नापास हे ठरवायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाले तरी ती सवय गेली नाही. मी पोहे दिले तर खाऊन म्हणणार, "टॉलरन्समध्ये आहेत." म्हणजे मापात बसले, ही त्यांची सर्वोच्च पदवी. नाही आवडले तर एकच शब्द, "रिजेक्ट."

दोन वर्षांपूर्वी मुलाने त्यांना माइक आणून दिला आणि काकांनी शास्त्रीय संगीतावरच्या गप्पांचा पॉडकास्ट काढला. असे पॉडकास्ट आता ढिगाने आहेत. त्या सगळ्यांमध्ये मोठमोठे गवय्ये येतात, गुरूंच्या आठवणी सांगतात, डोळे पुसतात. काकांकडे मात्र गवय्याला प्रवेश नाही. त्यांच्याकडे येतात फक्त पेटीवाले. गाणाऱ्याच्या डाव्या हाताला बसून हार्मोनियमची साथ करणारे. पॉडकास्टचं नावच 'डाव्या बाजूला'. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी वाटलं, काका या वयात कुठल्या पक्षात शिरले.

"गाणाऱ्याला सगळे विचारतात," काका म्हणायचे. "डाव्या बाजूच्या माणसाला कुणी चहासुद्धा विचारत नाही यार."

आणि खरंच, त्या माणसांकडे काय काय होतं! एका आजोबांना काकांनी विचारलं, "गाताना बाई चुकल्या, तर तुम्ही काय करता?"

आजोबा म्हणाले, "लगेच आपणही तसंच चुकायचं. लोकांना वाटतं, चीजच तशी आहे."

पण काकांसमोर बोलणं सोपं नाही. बोलताना कुणी अडखळलं, की यांचा हात वर. पाहुणा सुरुवात करणार, "मी म्हणजे... तसं बघितलं तर... लहानपणापासून..." की झालंच. "रिजेक्ट. 'मी'पासून पुन्हा घ्या." एका घाबरट पाहुण्याने मग सगळी उत्तरं घरून लिहूनच आणली. तो भाग अगदी आकाशवाणीच्या बातम्यांसारखा झाला. काका मात्र खूश. नंतर कॉम्प्युटरवर बसून ते उरलेसुरले 'अं' आणि 'म्हणजे' वेचून काढायचे, तांदळातले खडे काढावेत तसे.

मी सगळे भाग ऐकायचे. म्हणजे भिंतीतून एकदा आणि फोनवर एकदा. त्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बऱ्याच पाहुण्यांच्या बोलण्यात वाकोल्याचे तावडे मास्तर यायचे. कुणी त्यांच्याकडे शिकलेलं, कुणी त्यांच्याकडून पेटी दुरुस्त करून घेतलेली. आणि मास्तरांचं नाव निघालं, की काका घाईघाईने पुढचा प्रश्न विचारायचे.

एकदा मी म्हटलं, "काका, त्या मास्तरांनाच बोलवा ना."

"बघू," म्हणाले आणि लिफ्ट का आली नाही ते बघायला गेले. लिफ्ट समोरच उभी होती.

शेवटी काकूंनी सांगितलं. लग्नाआधी काका दोन वर्षं मास्तरांकडे पेटी शिकले होते. हात चांगला होता. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात मास्तरांनी त्यांना साथीला बसायला सांगितलं. नवा शर्ट शिवला, निघाले आणि क्लासच्या कोपऱ्यावरून परत आले. घाबरले. दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची लाज वाटली, तिसऱ्या दिवशी जास्त वाटली. मग गेलेच नाहीत. "वाकोल्यावरून बस गेली ना, तर हे अजून दुसऱ्या खिडकीकडे बघतात," काकू म्हणाल्या.

यंदा मार्चमध्ये एका पाहुण्याने बोलता बोलता सांगितलं, की मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. त्या दिवशी काकांनी रेकॉर्डिंग मध्येच थांबवलं. बुधवारी दुपारी ते बॅग घेऊन माझ्या दारात उभे. "चल. माइक धरायला कुणीतरी हवं. सुमनचे गुडघे जिने चढायचे नाहीत."

माइकला स्टँड असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वाकोल्याला दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. मास्तर खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. काकांनी वाकून पाया पडून विचारलं, "मास्तर, मी सुधाकर. कांबळे. मरोळवरून यायचो. ओळखलंत?"

मास्तर बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, थांबले. मी काकांकडे पाहिलं. त्यांचा हात वर गेला नाही. खाली गल्लीत कुणी रिक्षा सुरू केली, ती सुरू होऊन निघूनही गेली. काका तसेच वाकून उभे.

"उशीर," मास्तर म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "झाला."

काकांनी चष्मा काढला.

मास्तरांची सून चहा घेऊन आली होती. ती ओशाळून म्हणाली, "मनावर घेऊ नका हं. गॅसवाला आला तरी हेच म्हणतात. तेवढं एकच नीट येतं त्यांना."

"गॅसवाल्याला म्हणू देत," काका म्हणाले. "मला तर झालाच होता."

मास्तरांनी डाव्या हाताने कोपऱ्याकडे खूण केली. तिथे पेटी होती. सुनेने ती खाटेवर त्यांच्यापुढे आणून ठेवली. मास्तरांनी ती हळूहळू फिरवली, पट्ट्या काकांकडे आणि भाता आपल्याकडे. उजवा हात गेला होता, पण भाता मारायला डावा पुरत होता.

काका समोर बसले. मास्तरांनी हवा भरली. काकांनी बोट ठेवलं आणि सा लागला. पुढे रे, ग. चौथा सूर चुकला, तसा मास्तरांनी हात थांबवला. हवा संपली, पेटी मुकी झाली. काकांनी मान खाली घातली. मास्तरांनी पुन्हा भाता उचलला. पुन्हा सा. किती वेळा असं झालं, मला सांगता येणार नाही. मी माइक धरून बसले होते आणि माइक सुरू करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

परतताना बसमध्ये काका मांडीवरच बोटांनी पट्ट्या दाबत बसले. नाहूरला उतरल्यावर म्हणाले, "म शुद्ध होता गं. मी तीव्र दाबत होतो."

आता काकांचे पाहुणे पूर्वीसारखेच येतात. पण बुधवारी रेकॉर्डिंग नसतं. बुधवारी काका वही घेऊन वाकोल्याला जातात. आमच्याकडून पोचायला फार तर सव्वा तास लागतो आणि मास्तरांनी बोटांनी दाखवलेली वेळ तीनची आहे.

काका साडेबाराला निघतात.