हातवर सर

आमच्या शाळेतले कांबळे सर न्हाव्याच्या खुर्चीत बसले की आधी मागच्या बाकाकडे वळायचे आणि नंबर लावून बसलेल्या गिऱ्हाइकांना विचारायचे, मिशी ठेवू की काढू? गिऱ्हाइकं हसायची. सर हसायचे नाहीत. "हात वर करा. लाजू नगासा," म्हणायचे. एकदा बहुमत मिशीच्या विरोधात गेलं. लग्नाआधीपासून जपलेली मिशी सरांनी तिथल्या तिथं उतरवली. घरी गेल्यावर त्यांच्या बायकोनं दारातच विचारलं, कोण पाहिजे?

निपाणीकडून संकेश्वरला जाताना हमरस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी शास्त्र शिकवायचो आणि सर नागरिकशास्त्र. आमच्या दोघांत फरक काय तो नागरिकाचा, आणि तो सगळा सरांच्या वाटणीला आलेला. एसटीची खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर ते आख्ख्या गाडीचं मत घेत. पोरं त्यांना मागनं 'हातवर सर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

गंमत अशी, की निकाल त्यांच्या बाजूनं क्वचितच लागायचा. चहात आलं असावं हा त्यांचा ठराव आम्ही स्टाफरूममध्ये नेमानं पाडायचो आणि सर बिनआल्याचा चहा मिटक्या मारत प्यायचे. हरल्याचं दुःख नसे. न विचारता काही ठरलं तर मात्र त्यांचा चेहरा पडायचा. "इचारल्याबिगर ठरवायचं न्हाई," एवढं एकच वाक्य ते कमरेला किल्ली लावावी तसं बाळगून होते.

ऐंशीच्या दशकात हे वाक्य गावच्या तळ्याला जाऊन भिडलं.

तळं म्हणजे अर्धं पाणी आणि अर्धी दलदल. दलदलीत पुरुषभर लव्हाळा, त्यात पाणकोंबड्या. थंडीत कुठनं कुठनं बदकं उतरायची. पण वरचा ओढा आप्पासाहेबांच्या रानातून यायचा, आणि गावातले हे मोठे बागायतदार. त्यांनी बांध घालून ओढा पलीकडे वळवला आणि जास्तीची जमीन उसाखाली आणली. तळं वाळत गेलं. मग गावानं त्यात तंबाखूची खोडं टाकली, फुटकी कौलं टाकली आणि शेवटी, ज्यांचं तिथं काम अडत नव्हतं त्यांनी, नाकाला रुमाल लावून तिकडं जाणंच सोडलं.

अशात बेळगावहून एक तरुण इंजिनियर साहेब नकाशा घेऊन आले. तळं सुधारायचं होतं. सगळं खोल खणायचं, चौफेर काठाला दगड बसवून पिचिंग करायचं. शाळेच्या हॉलमध्ये लोकांचं म्हणणं ऐकायची सभा होती; चहा येईपर्यंत ती संपणार, असा सगळ्यांचा अंदाज. पुढच्या खुर्च्यांवर पंचायतीचे चेअरमन, आप्पासाहेब, दोनचार पुढारी आणि मागं आम्ही मास्तर लोक. साहेबांनी विचारलं, काही हरकत?

सर उठले. तळ्यावर रोज जाणारं हितं कोण कोण हाय, त्यांनी हात वर करावा, म्हणाले.

एकही हात वर आला नाही. साहेबांनी आपल्या नकाशाकडं बघितलं आणि घडी घालून तो पिशवीत ठेवला. माणूस चांगला होता. पुढच्या रविवारी सभा तळ्यावरच भरेल, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

तो रविवार म्हणजे जत्राच. सरांनी शाळेतली, खेळाचं मैदान आखायची पांढरी फक्की आणली होती. ज्याला तळ्यात जे पाहिजे, त्यानं तिथं जाऊन उभं राहायचं, आणि सर त्याच्याभोवती फक्कीची रेघ मारणार. धुणं धुणाऱ्या बाया एका बाजूला गेल्या. कुंभार मातीच्या खड्ड्यात उतरला. चटया विणणारी सखूआक्का लव्हाळ्यात शिरली ती दिसेनाशीच झाली. नुसता आवाज यायचा, मी हितं हाय. म्हशी आपणहून येऊन त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या आणि सभा संपेपर्यंत उठल्या नाहीत. चेअरमन म्हणाले, ह्यांची मतं धरायची का? सर म्हणाले, मत न्हाई, पर म्हणणं कळलं.

विड्या वळणाऱ्या बाया सुपं मांडीवर घेऊनच आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, हात कामात हाईत, मान हलवली तर चालंल का? सरांनी विचार करून परवानगी दिली, मात्र तंबाखूनं शिंक आल्यावर हललेली मान धरली जाणार नाही, असंही बजावलं. मध्येच साहेबांचा बूट चिखलात रुतला. दोघींनी सुपं खाली ठेवून साहेबांना ओढून काढलं. बूट मागं राहिला. पुढची सगळी सभा साहेबांनी एका पायात मोजा घालून चालवली.

त्याच सभेत सखूआक्कानं लव्हाळ्यातून विचारलं, "समदं खोल केल्यावर हे कुठं उगवायचं?" मीही तोंड उघडलं आणि बदकांना उथळ पाणी लागतं, ते सांगितलं. साहेब "हौदु, हौदु", म्हणजे हो, हो, असं कानडीत पुटपुटले आणि नकाशावर खोडाखोड करायला लागले. अर्धं तळं खोल, अर्धी दलदल तशीच राखायची, कडेला मातीचा उतार, दगड अगदी थोडा. गावकुसाबाहेरचं भीमनगर आणि गाव यांच्या मधोमध एकच घाट, सगळ्यांचा. सगळं हात वर करून ठरलं.

राहिला ओढा. पाण्याशिवाय तळं म्हणजे नुसता खड्डा. बांध फोडायला पाहिजे होता, आणि आप्पासाहेबांचा हात काही वर येत नव्हता. सर त्यांच्या मळ्यावर जाऊन बसायचे. वाद घालायचे नाहीत, उसाची चौकशी करायचे, परत यायचे. लोक म्हणाले, सोडा की सर. सर म्हणाले, "त्यांस्नी बी इचारायलाच पायजे न्हवं?"

शेवटच्या बैठकीला आप्पासाहेब आले, कारण न येणं बरं दिसलं नसतं. सरांनी ओढ्याचा ठराव मांडला. सगळे हात वर, आप्पासाहेबांचे मांडीवर. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून, अगदी मागून, हिरव्या बांगड्या भरलेला एक हात वर आला. आप्पासाहेबांच्या मंडळींचा.

"ओढा वळवला आन् तळं वाळलं, तवापासनं आमच्या घरच्या हिरीचं पानी तळाला गेलं," त्या म्हणाल्या. "ऊस ह्यांचा, पर पानी मी वडते."

आप्पासाहेबांनी वळून त्यांच्याकडं बघितलं. मग टोपी सारखी केली आणि हात वर केला, हळूच, कान खाजवावा तसा. सरांनी तो मोजला.

बांध फुटला, खणणं झालं आणि पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं. दिवाळी झाली तशी बदकं आली. घाटावर नारळ फोडायचं ठरलं, साहेब नवे बूट घालून आले, पेढे आले. फक्त सर नव्हते. साहेब म्हणाले, त्यांच्याशिवाय कसा फोडायचा? मी बघायला निघालो.

भीमनगरच्या वाटेवरच ते दिसले. आईला धरून आणत होते. म्हातारी वाकून पार अर्धी झालेली. भीमनगरची वेगळी विहीर झाल्यापासून ती तळ्याकडं फिरकली नव्हती, म्हणजे उभं आयुष्यच.

घाट आला आणि म्हातारी थांबली. पाण्यापासून पाचसात हात अलीकडं. मला वाटलं, दमली असेल. पण ती दमल्यासारखी उभी नव्हती. पदर सावरून, मान खाली घालून, कुणीतरी वरून पाणी वाढेल अशा बेतानं ओंजळ जरा पुढं धरून उभी होती. तिला स्वतःला ते कळलंही नसावं. जुनी जागा बघून अंगालाच आठवलं होतं.

सरांनी बघितलं. चप्पल काढली आणि इस्त्रीच्या पँटसकट गुडघाभर पाण्यात उतरले. मग मागं वळून हात पुढं केला. "ये आई."

"कुनाला इचारलंस का?" म्हातारीनं हळूच विचारलं.

"समद्यास्नी इचारलंय, आई."

म्हातारीनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. पाणी घोट्याला लागलं तशी "गार हाय गं बाई" म्हणून लहान पोरीसारखी हसली. घाटावर पेढे वाटायचे थांबले होते. आप्पासाहेबांच्या मंडळी खाली उतरल्या, त्यांनी दुसऱ्या बाजूनं तिचा हात धरला आणि तिला पायरीवर बसवलं. तिनं तोंड धुतलं, मान धुतली, चूळ भरली, आणि मग लव्हाळ्याच्या कडेनं पोहणारी बदकं किती तरी वेळ बघत बसली. सर तिच्याशेजारी पाण्यातच उभे होते, तिला ऊन लागू नये अशा बेतानं.