मेल पोचला का?

बाळारामकाकांनी मला आयुष्यातला पहिला ई-मेल पाठवला आणि त्याच्या पाठोपाठ स्वतःच आले. गिरणीवर नाचणीचं दळण चाललं होतं, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नव्हता. दारात स्कूटर लावून काका हातवारे करत उभे. मी घाबरून गिरणी बंद केली. म्हटलं, कोण गेलं की काय?

"शालन, मेल टाकलाय गं तुला. पोचला का?"

"अहो काका, तुमचं घर ते समोर! ओटीवरनं हाक मारली असती तरी पोचलं असतं. आणि एवढ्याशा रस्त्याला स्कूटर?"

"तसं नाय. मेल म्हंजे पत्रिका. पत्रिका धाडली तरी बोलवायला मानसानं जायलाच पायजे."

मी पिठाच्या हातानं फोन उघडला. मेल आला होता. आत लिहिलं होतं, 'शालन, राम राम. मी बरा हाय. येतोच.'

हा सगळा प्रताप आमच्या कॉम्प्युटरच्या क्लासचा. अगदी पहिलीपासून शिकवणारा, फुकट, आणि तोही ऑनलाइन. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतली आम्ही मोजकी वयस्क मंडळी. शिकवणाऱ्या मॅडम भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समधून बोलायच्या. मी नाव घातलं ते विजेचं बिल घरबसल्या भरता यावं म्हणून. काकांनी का घातलं, ते मला बरेच दिवस कळलं नाही. काकू गेल्यापासून हा माणूस घरात एकटा. साधा फोन वाजला तरी दचकायचा. पण क्लासच्या ग्रुपवर नावं पडली, ती मी त्यांना सहज वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी हे हजर. "माझं बी घाल गं नाव." त्यांच्या मुलीनं लग्नाआधी वापरलेला लॅपटॉप माळ्यावर होता, तो पुसून पाटावर ठेवला. हो, पाटावर.

अशा क्लासमध्ये काय शिकवतात? माउस धरायचा कसा, फाइल ठेवायची कुठं, पासवर्ड, मेल, झालंच तर बिलं. चारचौघांना येतं तेवढंच. पण काकांना यातलं काहीही सांगा, ते आधी लग्नघरात नेऊन बघणार आणि मग पटलं तर घेणार.

मॅडम म्हणाल्या, पासवर्ड कुणाला सांगू नका. काका म्हणाले, "मंग दार कोन उगडंल, मी आजारी पडलो तर?" आणि सगळ्या क्लासला पासवर्ड सांगून मोकळे झाले. मॅडमनी तो बदलायला लावला. काकांनी बदलला, आणि नवा काय ठेवला तेही सांगितलं.

एकच मेल चौघांना पाठवून पाचव्याला गुपचूप कसा पाठवायचा, हे ऐकल्यावर तर ते बसल्या जागेवरून उठलेच. "म्हंजे एकाला जेवायला बोलवायचं आन बाकीच्यांना पत्ता नाय लागू द्यायचा? असली पंगत आपल्यात नसते मॅडम." त्या दिवशी मॅडम हसून हसून म्यूट झाल्या.

क्लास संपला की बाकीचे पटापट पडद्यावरून नाहीसे होत. काका बसून राहायचे. पंगतीतून आपण आधी उठू नये. सगळे गेले की हात जोडून "येतो बरं का" म्हणायचे आणि मग लॅपटॉप असा अलगद मिटायचे, जणू आत कुणी झोपलंय.

मग आला मेलचा धडा. मॅडमनी गृहपाठ दिला, क्लासमधल्या प्रत्येकाला एक एक मेल करा. आम्ही तासाभरात उरकला. काकांना कितीतरी दिवस लागले, कारण प्रत्येक मेलच्या मागोमाग ते स्कूटरवर निघायचे. थंडीचे दिवस, भात कापून झालेलं, सगळ्या शेतांत वाल पसरलेला. धुक्यात रस्ता कुठं संपतो आणि आभाळ कुठं लागतं ते कळायचं नाही. काका मध्येच स्कूटर थांबवून भिवपुरीकडून येणाऱ्या उंच तारांकडे बघत बसायचे. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "मेल चाललाय ना गं वरनं. मी आधी पोचलो तर बरं दिसंल का?" वेडच ते! पण त्यानंतर मीसुद्धा वर बघितल्याशिवाय त्या तारांखालून गेले नाही.

खोपोलीच्या शिळफाट्याला आमच्या क्लासमधल्या हनीफभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांना काकांनी वालाच्या शेंगांचा फोटो मेलला जोडून पाठवला आणि मागोमाग त्याच शेंगा पिशवीत घालून नेऊन दिल्या. हनीफभाई मला फोनवर म्हणाले, "शालनताई, फोटो उघडायच्या आत शेंगा आल्या! आता घरात म्हनतात, मटनाचा फोटो मागवा."

असे सगळे झाले. एक मेल तेवढा राहिला.

आमच्या क्लासमध्ये एक चौकोन कायम काळा असायचा. कॅमेरा बंद, नुसतं नाव, सुभद्रा. मॅडम विचारायच्या, "सुभद्राताई, ऐकू येतंय ना?" आणि त्या अंधारातून एक "हो" यायचा. एवढाच. दुपारची वेळ, गाव पेंगुळलेलं, मी अर्धी झोपेत. पण त्या "हो"ला काकांचा चेहरा बघावा! आधी मला वाटलं, म्हातारा या वयात चळला की काय. मग एके दिवशी मी स्पष्टच विचारलं.

"भैन हाय माझी," काका म्हणाले. "खालापुरात दिलेली."

मुलीच्या लग्नात काकू आजारी, मांडवाची घाई, सगळीकडे काका एकटे. बहिणीची पत्रिका त्यांनी खालापूरकडे निघालेल्या एका टेंपोवाल्याच्या हाती दिली. म्हटलं, घरचंच माणूस, समजून घेईल. आमच्याकडे हळदीला आत्याचा मान. आत्या आलीच नाही. 'सख्ख्या भावाचं बोलावणं टेंपोतनं?' एवढा निरोप तेवढा आला. काकू गेल्या तेव्हा ती येऊन गेली, पण बायकांत बसली आणि न बोलता परतली. तेव्हापासून काका कुणाकडेही पत्रिका, प्रसाद, निरोप, काहीही धाडलं की मागून स्वतः जातात. फक्त बहिणीच्या दारात गेले नव्हते.

म्हणजे ग्रुपवरचं ते एक नाव ऐकून या माणसानं कॉम्प्युटर शिकायला घेतला होता. मला भरून आलं, आणि रागही आला.

क्लास संपत आला होता. पुढच्या आठवड्यात शेवटचा दिवस, मग ग्रुप बंद, तो काळा चौकोनही बंद आणि त्यातला "हो"सुद्धा. काकांनी एक अख्खी दुपार एका बोटानं टाइप केलं. 'सुभे, वाल भरलेत. पोपटीला ये. दादा.' पोपटी म्हणजे थंडीत शेतात सगळ्यांनी जमून वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भाजायच्या. डोळे मिटून बटण दाबलं. आणि ओटीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशीही बसलेलेच.

"शालन, पोचला असंल ना गं?"

"मला काय विचारता? शिळफाट्यापर्यंत जाऊन आलात ना गाद्यावाल्याला विचारायला? चार पावलं पुढं जायला काय झालं?"

"कुठल्या तोंडानं जाऊ? दारातनं म्हनाली, आता कशाला आलास, तर?"

"तर ऐकून घ्यायचं! तिनं नाही ऐकून घेतलं इतकी वर्षं? उठा! पुन्हा टेंपोच करताय तुम्ही, काका. बिनचाकाचा."

माझं तोंड असं आहे. म्हातारा उठला. मग आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आला. मी गिरणीला कुलूप लावलं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि मागच्या सीटवर बसले. पळसदरी, खोपोली, शिळफाटा मागे पडलं. काकांनी तारांकडे एकदाही बघितलं नाही.

सुभद्राताई ओटीवर शेंगा निवडत होत्या. शेजारी चार्जरला लावलेला फोन. त्यांनी मान वर केली नाही. काका अंगणातच थांबले, चप्पल काढून, परक्या घरी आल्यासारखे.

"सुभे, मेल... पोचला का?"

"मेल तवाच पोचला," त्या म्हणाल्या. शेंगा निवडणारा हात थांबला. "तू कवा पोचतोस ते बगत होते."

काकांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत कुंकू आणि अक्षता. घरून निघताना घेतल्या होत्या. मला पत्ता नव्हता. पुडी उघडताना अर्ध्या अक्षता पायरीवर सांडल्या. बहिणीनं कपाळ पुढं केलं.

"पोपटीला ये," काका म्हणाले.

"भांबुर्डा कोन आननार? तुला अजून पाला वळखता येत नाय. मागं एकदा काय भलतंच मडक्यात घातलंस, सगळ्या शेंगा कडू." आणि मग त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. काकाही रडले. मी उगाच शेंगा निवडायला घेतल्या, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

शेवटच्या क्लासला मॅडमनी सगळ्यांची नावं घेतली. सुभद्राताईंचा काळा चौकोन त्या दिवशी पडद्यावर नव्हताच. मॅडमना वाईट वाटलं. "सुभद्राताई एवढ्या नेमानं यायच्या, आज नेमक्या नाहीत. कुणाला काही माहीत आहे का?"

मी काकांच्या चौकोनाकडे बघितलं. पाटावरचा लॅपटॉप जरा हलला, काका थोडे बाजूला सरकले. हिरवा पदर, कपाळावर कुंकू, केसांना भांबुर्ड्याचं एक पान चिकटलेलं.

"सुभद्राताई! तुम्ही तिथं? ऐकू येतंय ना?"

"हो," त्या म्हणाल्या.